हे पुस्तक कोणासाठी?

दूध आटायला लागलं की अण्णा घसा खाकरायचे आणि गच्चीवरची कुजबुज थांबायची. "हं, पहिलं कोण?" एवढंच विचारायचे. कोजागिरीच्या रात्री आमच्या वाचनालयाच्या मंडळाचा वर्षाचा मेळावा भरायचा, त्याची सुरुवात अशी व्हायची. हार नाहीत, अध्यक्ष नाहीत, प्रास्ताविक नाही. वाईच्या गणपती आळीतला जुना वाडा, त्याची गच्ची, एका बाजूला ढोल्या गणपतीचं देऊळ, खाली कृष्णेचा घाट. डोंगराआडून चंद्र वर येईपर्यंत कंदिलाच्या उजेडात भेळ व्हायची. मग थोरल्या मुलांना ओवाळणं. आणि मग पुस्तकं.

बोलणाऱ्याने एकच पुस्तक सुचवायचं, शेवट फोडायचा नाही, आणि शेवटी अण्णांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. प्रश्न दर वेळी तोच असायचा. "हे पुस्तक कोणासाठी?"

"सगळ्यांनी वाचावं असं आहे," असं उत्तर अण्णांना चालत नसे. समोर बसलेल्यांपैकी एकाचं नाव घ्यावं लागे. आणि ज्याचं नाव घेतलं जाई, त्याला पुढचा महिना ते पुस्तक घरी न्यायचा मान. वाचनालयाच्या एका लांबट वहीत अण्णा ते टिपून ठेवायचे: साल, पुस्तक, कोणी सुचवलं, कोणासाठी. त्या वहीची पुठ्ठ्याची पाठ आता सुटली आहे. मी ती माझ्याकडे ठेवली आहे, आणि हा लेख लिहिताना ती शेजारीच उघडी आहे.

मंडळात बहुतेक बायका, आणि बायकांना आवडायच्या ऐतिहासिक नाहीतर अद्भुत कादंबऱ्या. किल्ले, भुयारं, राजपुत्र, जादूची अंगठी, आणि या सगळ्यात अडकलेलं कुणाचं तरी मन. त्यात आणखी एक अट होती, ती कुठे लिहिलेली नव्हती पण सगळ्यांना ठाऊक होती. पुस्तक माजघरात मोठ्याने वाचता आलं पाहिजे. वाचनालयात प्रत एकच असायची आणि दहा दिवसांत परत करावी लागे, मग घरातल्या सगळ्यांनी वाचायचं कसं? एकीने वाचायचं, बाकीच्यांनी तांदूळ निवडत, वाती वळत ऐकायचं. ऐकणाऱ्यांत सासू असे, सातवीतली नात असे, ओसरीवर कान देऊन बसलेले आजोबाही असत. त्या सगळ्यांसमोर न अडखळता वाचता येईल असं प्रेम त्या कादंबऱ्यांत असायचं.

लोक याला सोवळेपणा म्हणतील. मला तसं कधीच वाटलं नाही. उंबऱ्याशी थांबलेला नायक आणि दाराआड उभी असलेली नायिका, मध्ये एक पणती, आणि दोघंही एक शब्द बोलत नाहीत, असं पान वाचताना आमच्या माईचा आवाज जो कापायचा तो मी विसरलेले नाही. नंतरच्या आयुष्यात मी सगळ्या तऱ्हेचं वाचलं. पण थांबून राहण्यातली ती ओढ ज्याला लिहिता येते, तो लेखक मला आजही जास्त ताकदीचा वाटतो.

माझी पहिली कोजागिरी 1976ची. त्या वर्षी वाईतच तयार होणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला होता आणि गावात त्याचं कौतुक चाललं होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची, परकर-पोलक्यातून नुकतीच बाहेर पडलेले. माईने उभं राहून रणजित देसाईंची 'स्वामी' सुचवली. आमच्यासाठी ती काही नवी नव्हती. 1962 साली आलेली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली, घरोघरी वाचून झालेली. मला वाटलं, आता ही कोणाचं नाव घेणार? अण्णांनी विचारलं, "कोणासाठी?" आणि माईने माझ्याकडे बोट केलं. "हिच्यासाठी. हिचा जन्मही 62चा आणि पुस्तकाचाही. आता दोघींनी भेटायला हरकत नाही."

मी ती चार दिवसांत संपवली. माधवराव आणि रमाबाई, त्यांच्यातलं ते अबोल गूळपीठ, राजयक्ष्म्याने खंगत गेलेला सत्तावीस वर्षांचा पेशवा. शेवट इतिहासातच ठरलेला, शाळेत शिकलेला, तरीही मी पानं उलटताना तो टळावा म्हणून मनात देवाला हाका मारत होते. पुढच्या कोजागिरीला मी हे बोलून दाखवलं, तर अर्ध्या गच्चीने डोळ्यांना पदर लावला. प्रत्येकीचं तेच झालं होतं.

पण 'स्वामी'वरून आमच्याकडे दर एक-दोन वर्षांनी वादही पेटायचा, आणि तो वाईतच पेटू शकत होता. माधवरावांच्या आई गोपिकाबाई रास्त्यांच्या घरातल्या. म्हणजे वाईची माहेरवाशीण. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 साली बांधणारे गणपतराव त्याच घरातले. कादंबऱ्यांमध्ये गोपिकाबाई करारी, हट्टी सासू म्हणून येतात. ते वाचून मधल्या आळीतल्या काकू उसळायच्या. "नवरा गेला, विश्वासराव पानिपतावर गेला, मग माधवराव गेले, मग नारायणराव मारले गेले. एवढं सोसलेल्या बाईने गोड कुठून बोलायचं? आमच्या गावच्या लेकीची बाजू कोणी लिहिली आहे का?" त्यांच्यासमोर बोलायची कोणाची छाती व्हायची नाही. मला त्या वेळी काकू भाबड्या वाटत. आज वाटतं, ऐतिहासिक कादंबरी वाचावी तर अशी. आपल्या घरातल्या माणसासाठी भांडत.

1978च्या जानेवारीत मंडळाने एसटीची गाडी ठरवून थेऊरला सहल नेली. चिंतामणीचं दर्शन, माधवरावांनी बांधलेला लाकडी सभामंडप, आणि मग नदीकाठी रमाबाई सती गेल्या ती जागा. 18 नोव्हेंबर 1772. तारीख सगळ्यांना पाठ होती. काकूंनी घरून आणलेली अबोलीची वेणी तिथे ठेवली. परतीच्या वाटेवर गाणी म्हणायचं ठरलेलं होतं, पण कोणी म्हटलंच नाही. शिरवळपर्यंत गाडी गप्प.

अण्णांची आवड जुनी होती. मराठी कादंबरीची गोष्ट ते आमच्या आजोळची असावी तशी सांगायचे. 1861ची 'मुक्तामाला', 1868ची 'मंजुघोषा', सगळा अद्भुताचा कारभार. मग 1871मध्ये गुंजीकरांची 'मोचनगड' आली आणि आपल्या कादंबरीत किल्ले शिरले. मग हरिभाऊ, म्हणजे ह. ना. आपटे. 'उषःकाल' 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत असताना लोक पुढच्या अंकाची कशी वाट बघत, हे अण्णा आपल्या आजोबांकडून ऐकलेलं सांगायचे, आणि सांगताना स्वतःच पुढच्या अंकाची वाट बघत असल्यासारखे दिसायचे. हरिभाऊंची मला सर्वांत भिडली ती 'वज्राघात'. विजयनगरचा रामराजा आणि मेहरजान, आणि 1565चा तो सर्वनाश. एका जुन्या प्रेमाची सावली पुऱ्या साम्राज्यावर पडते. माईने ती एका वर्षी घरात नव्यानेच आलेल्या सुनेसाठी सुचवली. काहींना ते अशुभ वाटलं. माई म्हणाली, "शब्द मोडला की काय होतं ते दोघांनी मिळून वाचावं." त्या सुनेने आणि तिच्या नवऱ्याने ती खरंच मिळून वाचली. रात्री स्वयंपाकघरात, आळीपाळीने एकेक प्रकरण. ती माझी थोरली वहिनी. दादा गेला त्यानंतर तिने मला हे सांगितलं.

मुलगे मात्र नाथमाधवांचे. 'वीरधवल' 1913ची, आणि आमच्या वाचनालयातल्या प्रतीची पानं तेलकट होऊन पारदर्शक झाली होती. ती कोणाच्या घरी आहे यावर मारामाऱ्या होत. अण्णांनी एकदा नाथमाधवांची हकिगत सांगितली. सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले, कमरेखालचा भाग लुळा झाला, आणि ज्यांना पुढे चालता आलं नाही त्या माणसाने मराठी मुलांना घोड्यावर बसवून रानावनांतून, भुयारांतून फिरवलं. 1928मध्ये गेले तेव्हा जेमतेम शेहेचाळीस वर्षांचे होते. हे ऐकल्यावर आमच्या शेजारचा एक मुलगा, पोलिओमुळे कुबडी घेऊन चालणारा, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मला द्या." अण्णांनी त्या वर्षीची यादी बाजूला ठेवली. वहीत त्या ओळीत 'कोणी सुचवलं' हा रकाना कोरा आहे.

'राऊ'वर बरंच काही सांगण्यासारखं आहे, पण थोडक्यात सांगते. ना. सं. इनामदारांची ही कादंबरी 1972ची. बाजीराव-मस्तानीचं प्रेम माजघरात वाचायचं की नाही यावर दोन वर्षं घोळ चालला होता. शेवटी सर्वांत सोवळ्यातल्या आजींनीच ती आधी गुपचूप वाचली आणि निकाल दिला, "यात वाईट काही नाही. वाईट वागले ते आजूबाजूचे." पुढे 2015च्या डिसेंबरात सिनेमा आला आणि नंतरच्या कोजागिरीला चार कॉलेजातल्या मुली 'राऊ' मागायला आल्या. त्यांना वहीतलं ते पान दाखवलं.

या आजींबद्दलच मला खरं तर सांगायचं होतं.

वाचनालयात एक पुस्तक होतं, त्याला नावच नव्हतं. पहिली आठ पानं गेलेली आणि शेवटचीही. मुखपृष्ठ नाही, लेखक नाही. बांधणीवाल्याने निळा पुठ्ठा लावून दिला होता आणि अण्णांनी त्यावर शाईने लिहिलं होतं, 'राजकन्येचं पुस्तक'. समुद्रापलीकडचं एक बेट, शापाने मुकी झालेली राजकन्या, आणि तिच्यासाठी बारा वर्षं एका दीपगृहात दिवा लावत राहिलेला नावाडी. दोघांची भेट संबंध पुस्तकात दोनदाच होते. शेवटच्या उरलेल्या पानावरची शेवटची ओळ अर्धीच आहे: 'इतक्यात दाराची कडी वाजली आणि राजकन्या'.

गावात ते पुस्तक पूर्ण वाचलेलं एकच माणूस हयात होतं, ते म्हणजे या आजी. लग्नाआधी, माहेरी असताना वाचलं होतं म्हणे. त्यामुळे ज्याचं वाचून होई तो आजींकडे जाई. दुपारी चारच्या सुमारास, त्या वाती वळत बसलेल्या असताना. आजी शेवट सांगायच्या आणि बजावायच्या, "हा बाहेर फोडायचा नाही. मंडळाचा नियम आहे." आम्ही सगळ्यांनी तो पाळला.

मी 1984 साली मुंबईला नोकरीला निघाले तेव्हा मला ते पुस्तक मिळालं. घरच्यांना माझं एकटीने जाणं पसंत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी मी आजींकडे गेले. त्यांनी हातातली वात पूर्ण केली, तबकात ठेवली आणि सांगितलं, "दार उघडून राजकन्या बाहेर आली. नावाडी होडी घेऊन उभा होता. तिने वल्हं त्याच्या हातातून घेतलं आणि पहिली स्वतः वल्हवत निघाली. पलीकडच्या किनाऱ्यावर तिला बोलता येऊ लागलं. मग त्याला बोलावून घेतलं." दुसऱ्या दिवशी स्वारगेटपर्यंत मी तेच डोळ्यांसमोर आणत होते.

आजी 1991च्या उन्हाळ्यात गेल्या. त्या वर्षीच्या कोजागिरीला मी रजा काढून आले होते. दूध आटत आलं, अण्णांनी घसा खाकरला, पण पहिलं कोणीच उठेना. मग वहिनी म्हणाली, "आता सांगायला हरकत नाही ना, राजकन्येचं काय झालं ते?" आणि तिने सांगायला सुरुवात केली. नावाडी आत आला, राजकन्येने त्याच्या हातातला दिवा घेतला, आणि त्यांच्या घरी रोज संध्याकाळी दोघं मिळून तो दिवा लावू लागले.

"नाही नाही," मधल्या आळीतल्या काकू म्हणाल्या. त्यांचे यजमान ऐन तिशीत गेलेले. "नावाडी आलाच नाही. वारा होता तो. पण राजकन्या दीपगृहात गेली आणि तिने दिवा विझू दिला नाही. त्या बेटावरचं एकही गलबत नंतर बुडालं नाही."

कुबडीवाला मुलगा आता बँकेत लागला होता. तो हळूच म्हणाला, "मला तर सांगितलं होतं की नावाडी लंगडत आला, आणि राजकन्येने विचारलंच नाही का ते."

मग मी माझा सांगितला. आणखी सहा जणांनी सहा सांगितले. कोणी रडत होतं, कोणी हसत होतं, दूध पातेल्याला लागून करपल्याचा वास येईपर्यंत कोणाला चुलीची आठवण राहिली नाही. अण्णा मात्र वही उघडून बसले होते. प्रत्येक शेवट त्यांनी लिहून घेतला, आणि शेवटच्या रकान्यात, 'कोणासाठी' या मथळ्याखाली, आमची नावं.

ती गच्ची पुढे पाडली, अण्णाही गेले. मंडळ आता एका शाळेच्या वर्गात भरतं, दूध गॅसवर आटतं, आणि माझी नात ड्रॅगनांच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांबद्दल मराठीत बोलते. मन लावून बोलते, आणि शेवट फोडत नाही. गेल्या वर्षी तिने निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक मागून घेतलं. आठवड्याने दुपारी चारच्या सुमारास ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, कडी वाजली. मग?"

मी हातातलं विणकाम खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट बघून घेतलं.