राहिलेला फोन

३१ जुलै २०२४, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. त्या एकाच दिवशी देशभरातून जवळपास ७० लाख रिटर्न्स भरली गेली. इंदुरात, रामबागेतल्या आमच्या सी.ए. ऑफिसात दुपारपर्यंत एकच फाइल उरली होती, आणि ती जूनच्या मध्यापासून आमच्या आर्टिकलच्या, म्हणजे सी.ए. व्हायचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलाच्या, टेबलावर पडून होती.

मुलगा आळशी अजिबात नाही. पगारदारांची रिटर्न्स त्याने पटापट हातावेगळी केली होती. या फाइलचं नाव काढलं की मात्र, "ताई, उद्या नक्की."

फाइल एका निवृत्त काकांची. शेअर्स तोट्यात विकलेले. हा तोटा पुढची ८ वर्षं शेअर्सच्या नफ्यातून वळता करता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. उशीर झाला की ५,००० रुपयांपर्यंत लेट फी, आणि तोटा पुढे ओढायची सोय गेली.

मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले. "रिटर्नचं राहू दे. अडलंय कुठे, तेवढं दाखव."

त्याने ब्रोकरचं स्टेटमेंट उघडलं. विक्रीची तारीख, भाव, सगळं होतं. तीन कंपन्यांपुढे खरेदीचा रकाना कोरा. शेअर्स जुन्या डिमॅट खात्यातून आलेले, खरेदीभाव काकांनाच ठाऊक. करायचा होता एक फोन. आणि गेल्या वर्षी रिफंड लांबला तेव्हा काका नेमके याच्यावरच डाफरले होते. त्या धास्तीपायी दीड महिना फाइल हलली नव्हती.

अशा वेळी "कामाला लाग" म्हणून काही होत नाही, असं माझं ठाम मत आहे. काम एका घासाएवढं करून द्यावं आणि सुरुवातीला सोबत बसावं.

"स्पीकर मी लावते, बोलायचं तू."

रिंग वाजत होती तोवर तो पेनाचं टोपण काढत-घालत होता. काका म्हणाले, "अरे, मग आधीच विचारायचंस ना! थांब, डायरी काढतो."

थोड्या वेळात व्हॉट्सअॅपवर फोटो आला. निळ्या शाईत तारीख, नग, भाव, दलाली, ओळीने लिहिलेलं. पुढच्या हिशेबाला तासही लागला नाही. संध्याकाळी काकांनी ओटीपी सांगितला आणि ई-व्हेरिफिकेशनही उरकलं.

ऑगस्टपासून आमच्याकडे फाइलवर नुसतं "पेंडिंग" लिहून चालत नाही. कशापायी अडली आणि कुणाला काय विचारायचंय, हे पेन्सिलीने लिहायचं. सकाळचा पहिला अर्धा तास फोनांचा. ही वेळ त्या मुलानेच सुचवली, आणि सगळ्यांत नकोसा फोन तो आधी लावतो.