थांबल्या होत्या, मेल्या नव्हत्या

पंधरा दिवस झाले, प्रयोगशाळेतली ती प्लेट डोक्यातून जात नाही.

हेला पेशींवर गॅमा इंटरफेरॉन टाकून तीन दिवस झाले होते. गॅमा इंटरफेरॉन म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनी इतर पेशींना धाडलेला निरोप. हेला पेशी १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतल्या, त्यांना न विचारता. त्यांत एचपीव्ही १८ या विषाणूची जनुकं आहेत. विषाणूचं ई६ प्रथिन पेशीतल्या पी५३ या पहारेकऱ्याचा काटा काढतं, ई७ प्रथिन आरबी या दुसऱ्या पहारेकऱ्याला अडकवून ठेवतं. मग पेशीला आवरणारं कोणी उरत नाही.

सकाळी एमटीटी ही रंगाची चाचणी केली. कंट्रोलच्या, म्हणजे इंटरफेरॉन न टाकलेल्या, वेल (प्लेटमधल्या छोट्या वाट्या) गर्द जांभळ्या, इंटरफेरॉनच्या फिकट. प्रयोगशाळेचे सर एकदम खूश. "स्लाइडवर लिही, कर्करोगपेशींचा नाश." निधीची बैठक जवळ आली की सरांना 'नाश' फार आवडतो.

पण एमटीटी पेशी मोजत नाही, त्यांचा चयापचय मोजतं. मरगळलेली पेशीही फिकटच दिसणार. म्हणून जादा ठेवलेल्या वेलमधल्या पेशी ट्रिप्सिन या विकराने तळापासून सोडवल्या, ट्रायपॅन ब्लू हा रंग मिसळला आणि हीमोसायटोमीटरच्या, म्हणजे पेशी मोजायच्या काचेच्या, चौकटी मोजत बसले. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. पेशी कंट्रोलच्या निम्म्याहून कमी होत्या, हे खरं. पण निळ्या किती? बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या टवटवीत, कडा चमकणाऱ्या.

मग राहवेना. एका प्लेटमधला मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, काढला, दोनदा पीबीएस या क्षारद्रावणाने धुतलं, इंटरफेरॉन नसलेला ताजा मीडिया घातला. चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली तळ भरत आलेला, आणि विभाजनाच्या तयारीतल्या गोल पेशी जागोजाग. निरोप थांबला तशा कामाला लागल्या.

स्लाइडवर मी 'वाढ मंदावते' लिहिलं. धुतल्यानंतरचा फोटो "नंतर बघू" म्हणून सरांनी काढायला लावला. यावर मी भांडले नाही, ते मला अजून टोचतंय.

घरी आत्या विचारते, कर्करोगावर औषध कधी येणार? तिच्या बारा वर्षांच्या नातीला एचपीव्हीची लस दिली का विचारलं, तर चहा टाकायला उठते.

सध्या सहा दिवसांची प्लेट इनक्युबेटरमध्ये आहे. सोमवारी धुणार.