सोलर तापतोय, पण नळाला गार पाणी

शनिवारी दिवसभर पाणी आलं नाही. रविवारी सकाळी आंघोळीला गेलो तर गरमाच्या तोटीतून आधी भसाभस हवा, मग करंगळीएवढी धार, आणि तीही गार. डिसेंबरचा दुसरा आठवडा. निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की नाशिकमध्ये गार पाण्याने आंघोळ करायची कुणाची छाती होत नाही.

इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाउसवर २०० लिटरचा सोलर आहे, काचेच्या २० नळ्यांचा. प्लंबर आला, बाथरूममध्ये नळ सोडून पाहिला आणि म्हणाला, "काका, नळ्या गेल्या. सगळ्या बदलाव्या लागतील." गच्चीवर तो गेलाच नाही. मला ते पटेना. ओझरला ३१ वर्षं फिटर म्हणून काढली. वस्तूला हात न लावता निदान करायचं नाही, हे अंगात मुरलंय.

गच्चीवर गेलो. नळी खराब झालेली ओळखणं सोपं आहे. प्रत्येक नळीच्या खालच्या टोकाला आतून चांदीसारखा मुलामा असतो. दोन काचांमधल्या पोकळीत हवा शिरली की तो पांढराफटक पडतो. आमच्या वीसच्या वीस नळ्या लखलखीत होत्या. म्हणजे पाणी तापत होतं, खाली पोचत नव्हतं. टाकीतून निघणाऱ्या पाइपला हात लावला तर चटका बसला. तसाच पाइपवरून हात फिरवत निघालो. तीन फुटांवर कोमट, आणि कठड्यापाशी एकदम गार. कठडा ओलांडायला आमचा पाइप तिथे वीतभर वर चढतो आणि मग खाली उतरतो. हवा कोंडली होती ती त्याच उंचवट्यात.

शनिवारी वरची टाकी रिकामी झाली, तेव्हा पाइपात हवा शिरली. नंतर पाणी भरलं, पण हवेला बाहेर पडायला वाट राहिली नाही. गच्चीवरच्या टाकीला जोर तो किती? १० फूट उंचीच्या पाण्याचा दाब जेमतेम ०.३ बार. तेवढ्यात हवेचा फुगा हलत नाही.

मग उलटीकडून ढकलायचं ठरवलं. बाथरूमच्या मिक्सरचे गरम-गार दोन्ही कॉक पूर्ण उघडले आणि तोटीचं तोंड तळहाताने घट्ट दाबून धरलं. गार पाण्याची टाकी सोलरपेक्षा उंचावर आहे, त्यामुळे गार पाणी गरमाच्या लाइनीत उलटं वर चढू लागलं. हिला गच्चीवर सोलरच्या व्हेंटपाशी, म्हणजे हवा बाहेर पडायच्या नळीपाशी, उभं केलं होतं. मिनिटभराने वरून हाक आली, "अहो, व्हेंटमधून गुडगुड आवाज येतोय!" आणखी थोडा वेळ दाबून धरलं. मग गाराचा कॉक बंद केला, हात काढला. आधी गार, मग कोमट, मग वाफाळतं पाणी आलं, पूर्ण धारेने.

एक मात्र लक्षात ठेवा. ही क्रिया नकळत चालू राहिली तर उलटा त्रास होतो. पाथर्डी फाट्याच्या माझ्या मेव्हण्याकडे हँडशॉवरचं बटण बंद, पण मिक्सरचे दोन्ही कॉक कायम उघडे असायचे. गार पाणी सारखं गरमाच्या लाइनीत शिरायचं आणि घरभर कोमट पाणी यायचं. कॉक बंद करायची सवय लावली, तक्रार संपली.

त्याच रात्री लेकीचा फोन आला. ती इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिच्या खोलीतला रेडिएटर तापत नव्हता. तिलाही आधी हातच फिरवायला सांगितलं. खाली गरम, वर गार. म्हणजे तिथेही हवाच. खाली गार असता तर तळाशी गाळ बसल्याचा संशय घेतला असता. हीटिंग बंद कर, रेडिएटर निवू दे, खाली फडकं धर आणि वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू किल्लीने पाव आटा फिरव, असं सांगितलं. फोनवर मलाही सूं आवाज ऐकू आला. पाण्याचे थेंब आल्यावर तिने स्क्रू बंद केला. हवा निघाली की बॉयलरचा दाब उतरतो, म्हणून काटाही बघायला लावला. यंत्रणा गार असताना तो साधारण १ ते १.५ बारवर असावा. तिचा १ च्या खाली आला होता, तिने पाणी भरून घेतलं.

आमच्या कठड्यावर आता त्या उंचवट्याला टी (तीन तोंडांचा जोड) बसवून हवेला वाट म्हणून अर्ध्या इंचाचा उभा पाइप काढणार आहे, वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा फूटभर उंच. सामान आणून ठेवलंय, येत्या रविवारी बसवतो.