ते मागे हसतात ते कोण?

मी ध्वनिसंकलक आहे म्हटल्यावर मी नक्की काय करतो ते कुणाला कळत नाही, पण एक प्रश्न सगळ्यांकडे तयार असतो. बारशाला गेलो तरी तो, सोसायटीच्या मीटिंगला गेलो तरी तोच. "विनोदी मालिकेत मागून हसण्याचा आवाज येतो ना, ती माणसं खरी असतात का हो?" डोंबिवलीची मावशी तर दर दिवाळीला विचारते, उत्तर ऐकते आणि पुढच्या दिवाळीला परत विचारते. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

कधी असतात, बरेचदा नसतात. पण जिथे होती तिथली गोष्ट ऐका, कारण आमच्या धंद्यातली सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

'आय लव्ह लूसी' ही अमेरिकन मालिका 1951च्या ऑक्टोबरात सीबीएस या वाहिनीवर सुरू झाली. लूसील बॉल आणि देसी आर्नाझ, पडद्यावर नवराबायको आणि घरीही नवराबायको. तेव्हा असे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. या दोघांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी फिल्मवर चित्रीकरण करायचं ठरवलं. खर्च वाढला, तर स्वतःच्या मानधनात कपात घेतली आणि बदल्यात भागांचे हक्क आपल्या कंपनीकडे ठेवले. पुढे त्याच भागांच्या पुनःप्रक्षेपणाने त्यांना किती मिळवून दिलं! असो, तो माझा प्रांत नाही.

माझा प्रांत म्हणजे समोर बसवलेले सुमारे 300 प्रेक्षक. लूसीला समोर माणसं हवीच होती, त्याशिवाय तिचा विनोद फुलायचा नाही. मग तीन कॅमेरे एकदम चालवायचे आणि नाटकासारखं सलग खेळायचं. तीन बाजूंनी एकाच वेळी टिपायचं म्हणजे दिव्यांची पंचाईत. ती सोडवली कार्ल फ्रॉइंड यांनी, ज्यांनी 1927च्या 'मेट्रोपोलिस' या गाजलेल्या मूकपटाचं छायाचित्रण केलं होतं. एवढा मोठा माणूस एका घरगुती मालिकेचे दिवे छताला टांगत होता, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

त्या प्रेक्षकांत लूसीची आई, डीडी, बसायची. लेक कुठल्या तरी लफड्यात पाय घालणार असं दिसलं, की ती जे चिंतेने "अ-ओ" करायची ते ध्वनिपट्टीवर ऐकू येतं. मी हेडफोन लावून ते मुद्दाम शोधत बसतो. बायको म्हणते, काम कर.

1957मधल्या एका भागात लूसी ब्लाउजमध्ये अंडी लपवते आणि नेमका तेव्हाच नवरा टँगो नाचाची तालीम करायला ओढतो. तालमीत त्यांनी अंडी वापरलीच नव्हती, म्हणजे फुटल्यावरचा चेहरा आयत्या वेळचा. त्यावर जो हशा उठला तो 65 सेकंद. घड्याळ लावून बघा, 65 सेकंद केवढे असतात ते. लूसी तशीच उभी, अंगभर अंडं, आणि हशा ओसरायची वाट बघतेय. आपल्याकडे शिवाजी मंदिरात मुरलेला नट हेच करतो. हशा घेतो, तो उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकतो. आणि तिथल्या ध्वनिसंकलकाला तो हशा कापून निम्म्यावर आणावा लागला! एवढा खरा माल हातात आणि त्यालाच कात्री. त्या माणसाबद्दल मला फार जवळीक वाटते.

आमचं दुखणं बरोबर उलटं. हशा नसतोच, तो पेरायचा असतो. याचं मूळ चार्ली डग्लस, तेही सीबीएसचेच ध्वनितंत्रज्ञ. त्यांनी टाइपरायटरसारख्या कळा असलेली पेटी बनवली. एक कळ दाबली की खुदखुद, दुसरी दाबली की खो-खो. पेटीला कुलूप असायचं आणि आत काय आहे ते डग्लस कुणाला बघू देत नसत. यात लबाडी आहे असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. मला खुपतं ते एवढंच, की पेटीतला हशा नटासाठी येत नाही. नट वाक्य बोलून पुढे निघून गेलेला असतो आणि मी मागून, रात्री दोन वाजता, त्याच्या पुढच्या शब्दावर न सांडेल असा दीड सेकंदाचा हशा बसवत असतो. मागे एका मालिकेत तर निर्मात्यांनी प्रत्येक वाक्याला हशा मागितला होता. "दार लाव गं" यालासुद्धा. मी लावला. बिल भरायचं होतं.

तयार हशे मला आवडत नाहीत. त्यांत कुणी खोकत नाही, कुणी उशिरा हसत नाही. म्हणून मी स्वतःचे जमवतो. लॅपटॉपवर फोल्डरच आहे. गेल्या वर्षी भाच्याच्या साखरपुड्यात विचारून, रेकॉर्डर लावून बरंच मिळालं. त्यात मावशीचं हसणं आहे, आधी श्वास अडकतो आणि मग कुकरची शिट्टी व्हावी तसं फुटतं. एका भागात ते वापरलं आणि दिवाळीला तिच्याच टीव्हीवर तो भाग तिला दाखवला.

मावशीने तोंड वाकडं केलं. "कोण रे ही बाई? केवढ्यांदा हसते. खरी असते का ती?"