या वयात मोबाईल कशाला?

नाशिकरोडला घरच्या ओसरीवर मी ज्येष्ठांना मोबाईल शिकवते. "या वयात यांना हे कशाला हवं असतं?" असं मला सारखं विचारलं जातं. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मोबाईल शिकायचाय म्हणून कुणी येतच नाही. निफाडकडचे एक काका आले ते कांद्यासाठी. लासलगावला सकाळच्या लिलावात काय भाव निघाला हे कळलं, की माल विकायला काढायचा की साठवणीच्या कांदाचाळीतच राहू द्यायचा ते ठरतं. टाइप करणं त्यांना अजून जमत नाही. बोलून पाठवतात, आलेलं ऐकतात. काम होतं.

फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने १९८९ साली हेच तपासलं होतं. नवं तंत्र माणूस दोन गोष्टी पाहून वापरतो: याचा मला उपयोग आहे का, आणि हे सोपं आहे का. त्यात उपयोगाचं पारडं जड निघालं. काकांच्या बाबतीत अगदी खरं.

पण पंचवटीतल्या माझ्या भाजीवाल्या मावशींना हे लागू होत नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं, त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली; उपयोग त्यांना तेव्हाच पटला होता. अडत होतं ते वाचता येत नाही म्हणून. पैसे आले का, हे नातवाला विचारावं लागे. पुढे रक्कम मोठ्याने सांगणारा छोटा स्पीकर गाडीवर आला आणि नातवाची गरज संपली. जिथे अक्षरच आडवं येतं, तिथे सोपेपणाच सगळं ठरवतो, असं मला ठामपणे वाटतं.

सक्तीने मात्र सवय लागत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने स्वतः पिकाची नोंद मोबाईलवरून करायची. काकांची नोंद दरवेळी पुतण्याच करतो.

आणि भीती. चुकीचं बटण दाबलं तर पैसे जातील, ही एक. "आई, किती वेळा सांगायचं तुला?" हे ऐकावं लागेल, ही त्याहून मोठी. या एका वाक्याने हात आखडलेल्या कितीतरी बायका माझ्याकडे येतात. म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात माझा जुना फोन देते. त्यात ना बँक, ना सिमकार्ड. म्हणते, काकू, तासभर वाट्टेल ते दाबा.