आधी फक्की, मग वाद

मे सरत आला की सोलापुरात दुपारी चारला मैदानावर पाय ठेववत नाही. तरी मंडळाच्या वार्षिक संमेलनाला पहिले चार-पाच जण चारलाच हजर व्हायचे, कारण फक्की, म्हणजे मैदानावर रेषा आखायची पांढरी पूड, उजेडात मारावी लागते आणि नीट मारायची तर दोन तास जातात. इंग्लंडमधला सीझन संपलेला, शाळेला सुट्टी, मैदान मोकळं. अशा एका शनिवारी मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचे सोलापुरातले चाहते जमायचे ते एकाच विषयासाठी: युनायटेडला मिळालेल्या, नाकारलेल्या आणि युनायटेडच्या विरुद्ध गेलेल्या वादग्रस्त पेनल्ट्या. सत्कार नाही, अहवालवाचन नाही. जुन्या निर्णयांची यादी, एक लांब वही, एक टेप आणि फक्कीचं पोतं.

हा वाद टीव्हीसमोर बसूनही घालता येतो, रोज घातला जातोच. पण टीव्हीचा कॅमेरा उंचावरून पाहतो आणि त्यात अंतरं आखडतात. सोळा मीटर म्हणजे किती धाव, हे पायाला कळल्याशिवाय रेफरीला काय दिसलं असेल ते कळत नाही. म्हणून मंडळाचा रिवाज ठरून गेला होता: आधी फक्की, मग वाद.

आखणीची सुरुवात गोलरेषेपासून. खांबांच्या आतल्या कडांमध्ये ७.३२ मीटर. प्रत्येक खांबाच्या आतल्या कडेपासून बाहेर १६.५ मीटर, म्हणजे बॉक्सची, ज्या चौकटीत बचाव करणाऱ्याने फाऊल केला की पेनल्टी मिळते तिची, रुंदी ४०.३२ भरते. तिथून मैदानात पुन्हा १६.५. काटकोन डोळ्यांनी धरला की बॉक्स तिरका झालाच समजा. त्यासाठी गोलरेषेवर ६ मीटर, उभ्या रेषेवर ८ मीटर, आणि दोन टोकांमधलं तिरपं अंतर १० भरेपर्यंत खुंटी सरकवायची. ३-४-५ नेही काटकोन येतो, पण छोट्या त्रिकोणातली बोटभर चूक सोळा मीटरवर वीतभर होते. नायलॉनची दोरी मापाला कधीच घ्यायची नाही, ताणली की वाढते. ३० मीटरची फायबरची टेप हवी, आणि तीही दोघांनी सारख्या ताणाने धरलेली.

पेनल्टीचा ठिपका गोलरेषेच्या मध्यापासून ११ मीटरवर. त्या ठिपक्यावर खुंटी ठोकून ९.१५ मीटरची त्रिज्या घेतली की बॉक्सबाहेरचा कंस येतो. आपल्याकडे सगळ्या बॉक्सलाच ‘डी’ म्हणतात. खरा डी हा कंस, आणि त्याचं काम एकच: किक घेताना बाकीच्यांना चेंडूपासून ९.१५ मीटर लांब ठेवणं. हा कंस बॉक्सच्या रेषेला मध्यापासून दोन्ही बाजूंना ७.३१ मीटरवर मिळाला, तर आखणी बरोबर. नाही मिळाला तर ठिपका तरी सरकलाय किंवा रेषा तरी. आतल्या छोट्या चौकटीसह सगळ्या ओळी मिळून साधारण १६० मीटर होतात. ओळ दहा सेंटीमीटर रुंद ठेवली तर २५ किलोचं एक पोतं पुरतं. मात्र फक्की म्हणजे कळीचा चुना नव्हे. पडापडी होणार त्या जागी कळीचा चुना वापरला आणि डोळ्यात गेला, तर संमेलन दवाखान्यातच संपायचं.

एवढा आटापिटा रेषेच्या जाडीसाठीही होता. रेषा बॉक्सचाच भाग असते, म्हणून मापं तिच्या बाहेरच्या कडेपर्यंत घ्यायची. पाय रेषेवर असताना फाऊल झाला तर पेनल्टी. खेळाडू पडला कुठे, याला अर्थ नाही; पायाला पाय लागला कुठे, ते बघायचं. पण ओढणं बाहेर सुरू होऊन आतपर्यंत चालू राहिलं, तर पेनल्टीच. यावर नवीन आलेल्या पोरांचा दरवर्षी विश्वास बसायचा नाही. मग एकाने दुसऱ्याचा शर्ट धरून रेषेवरून आत धावायचं, की लगेच पटायचं.

मैदान मुरमाचं असलं तरी कडेला काळी माती उघडी पडलेली असायची, आणि मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा. त्यात घोटा अडकतो. म्हणून ज्या कोपऱ्यात प्रसंग करून दाखवायचे, तिथल्या भेगा आधी मुरूम टाकून, पाणी मारून, पायाने दाबून बुजवायच्या. हे काम कंटाळवाणं, पण ते करणाऱ्यांचं नाव वहीत सगळ्यात वर लिहिलं जायचं आणि ते योग्यच होतं.

यादीत पहिला मान कायम १९९४ चा. एफए कपची फायनल, वेम्बली, समोर चेल्सी, युनायटेड ४-० ने जिंकलं. रेफरी डेव्हिड एलरे यांनी दुसऱ्या हाफमध्ये सहा मिनिटांत दोन पेनल्ट्या दिल्या आणि दोन्ही युनायटेडच्या काँतोनाने मारल्या. पहिली, डेनिस अर्विनला एडी न्यूटनने पाडलं ती, कुणी नाकारत नाही. दुसरी युनायटेडचा कांचेल्स्कीस आणि चेल्सीचा फ्रँक सिंक्लेअर यांच्यातली. ती खांद्याला खांदा लागण्याची होती आणि पुढे एलरे यांनीही आपली चूक मान्य केली. हा प्रसंग पहिला ठेवण्यामागे विचार होता. आपल्या पदरात पडलेली चूक आधी मान्य केली, की पुढे बोलायला तोंड राहतं.

त्यानंतर २४ ऑक्टोबर २००४, ओल्ड ट्रॅफर्ड. आर्सेनल सलग ४९ लीग सामने हरलेलं नव्हतं. ७३व्या मिनिटाला आर्सेनलच्या सोल कॅम्पबेलने पाय पुढे केला, युनायटेडचा रूनी पडला, रेफरी माईक रायली यांनी ठिपक्याकडे बोट दाखवलं आणि व्हॅन निस्टलरॉयने गोल केला. शेवटी रूनीनेही एक मारला, २-०. या प्रसंगासाठी आर्सेनलचे चाहते पाहुणे म्हणून बोलावलेले असायचे आणि पहिलं बोलणं त्यांचं. ‘काय बे, लागलं कुठं? दाखव की!’ इथून जी सुरुवात व्हायची ती अर्धा तास थांबत नसे.

प्रसंग करून दाखवण्याची पद्धत ठरलेली होती. आधी दोघांनी चालत करायचा, मग हलक्या धावेने, मग पूर्ण वेगाने, आणि रेफरी होणाऱ्याने प्रत्यक्ष रेफरी जिथे होता त्या बाजूला आणि साधारण तेवढ्या अंतरावर उभं राहायचं. चालताना कॅम्पबेलचा पाय सरळ-सरळ मागे घेतलेला दिसतो. पूर्ण वेगात मात्र धावणाऱ्याच्या वाटेत एक पाय आला आणि माणूस पडला, एवढंच दिसतं. नियमात नुसता स्पर्श म्हणजे फाऊल नाही. निष्काळजीपणा, बेदरकारपणा किंवा जास्तीचा जोर यातलं काहीतरी लागतं. रूनीने पाय लागण्याआधीच पडायला सुरुवात केली, असं म्हणणाऱ्यांची बाजू मला नेहमीच जड वाटत आली आहे. रायलींना ते त्या जागेवरून दिसणं अवघड होतं, हेही तितकंच खरं.

अंधार पडला की पडदा. पांढऱ्या मांजरपाटाला चारी कडांना शिवण घालून, बांबूच्या चौकटीत ताणून बांधायचा. सैल राहिला तर वाऱ्याने ऑफसाइडची रेषाच हलते. सव्वासातच्या आत प्रोजेक्टर लावून उपयोग नाही, उजेडात चित्र फिकं पडतं. क्लिप एकदा पूर्ण वेगाने पाहिल्याशिवाय थांबवून दाखवायची नाही, हा नियम तेव्हा काहींना हट्ट वाटायचा. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफरीला मदत करणारी व्यवस्था, आल्यावर त्याच्या नियमावलीतही तेच निघालं: स्पर्श कुठे झाला, खेळाडू कुठे होता, अशा गोष्टींसाठी स्लो मोशन, फाऊलचा जोर आणि हँडबॉल (चेंडू हाताला लागण्याचा गुन्हा) ठरवण्यासाठी नेहमीचा वेग. स्लो मोशनमध्ये प्रत्येक हात मुद्दाम हललेला दिसतो.

२०१२ च्या दोन प्रसंगांवर फार वेळ जात नसे. एप्रिलमध्ये क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स) विरुद्ध युनायटेडचा अ‍ॅश्ली यंग पडला, क्यूपीआरच्या शॉन डेरीला रेड कार्ड मिळालं, आणि मुळात यंग ऑफसाइड, म्हणजे पास येताना नियमापेक्षा पुढे, होता. आठवड्यातच अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध यंग पुन्हा पडला, पुन्हा पेनल्टी. क्यूपीआरचा प्रसंग आज घडता तर पेनल्टीच्या आधीच्या चढाईतला ऑफसाइड व्हीएआर तपासतं आणि सगळंच रद्द होतं. पण वहीत निकाल लिहिताना त्या दिवशी लागू असलेलाच नियम धरायचा. आजची साधनं २०१२ च्या रेफरीच्या हातात देऊन त्याला दोषी ठरवायचं नाही.

हा नियम सगळ्यात जास्त कामाला आला तो पॅरिसच्या वेळी. ६ मार्च २०१९, आपल्याकडे ७ तारखेची पहाट. चॅम्पियन्स लीगमध्ये पीएसजी (पॅरिस सेंट-जर्मेन) कडून घरी ०-२ हरलेलं युनायटेड तिथे २-१ ने पुढे. शेवटच्या मिनिटांत युनायटेडच्या दियोगो दालोने लांबून मारलेला फटका पीएसजीच्या किम्पेम्बेच्या हाताला लागून बाहेर गेला. रेफरी दामीर स्कोमिना यांनी आधी कॉर्नर दिला, मग स्क्रीनवर पाहून पेनल्टी. रॅशफर्डचा गोल, ३-१, दोन सामने मिळून ३-३, आणि परक्या मैदानावर जास्त गोल केल्यामुळे युनायटेड पुढच्या फेरीत.

हँडबॉलचा नियम तेव्हा ‘हेतुपुरस्सर’ या शब्दावर उभा होता. हाताने शरीर अनैसर्गिकरीत्या मोठं होण्याची भाषा नियमपुस्तकात त्याच वर्षी, पण पुढच्या सीझनपासून आली. युएफा या युरोपियन फुटबॉल संघटनेने आपल्या खुलाशात अंतराचा आधार घेतला होता: चेंडूने कापलेलं अंतर थोडं नव्हतं, त्यामुळे तो लागणं अनपेक्षित म्हणता येत नाही. मग मैदानावर तेच करून बघायचं. एकाने पाठ वळवून उडी मारायची, दुसऱ्याने ३, ६ आणि १० मीटरवरून चेंडू मारायचा. सेकंदाला २० मीटर वेगाचा चेंडू ३ मीटर ०.१५ सेकंदात कापतो. माणसाचं शरीर हलायलाच साधारण ०.२ सेकंद लागतात. १० मीटरला अर्धा सेकंद मिळतो, म्हणजे हात आत घ्यायला वेळ आहे. पण पाठ वळलेल्याला चेंडू दिसतच नाही. आणि उडी मारताना हात शरीराला चिकटवून ठेवणं किती अवघड, ते करणाऱ्यालाच कळतं. पॅरिसच्या रात्री नाचलेले लोक हा प्रयोग केल्यावर किम्पेम्बेच्या बाजूने हात वर करायचे. संमेलनातला हा भाग मला सगळ्यात आवडायचा.

२६ सप्टेंबर २०२० चा ब्रायटनचा सामना मात्र पाच मिनिटांत उरकायचा, कारण तिथे वाद नव्हता, गैरसमज होता. २-२ असताना शेवटची शिटी झाली. त्याआधी युनायटेडच्या मॅग्वायरचा हेडर ब्रायटनच्या मोपेच्या हाताला लागला होता. शिटीनंतर तपासणी, पेनल्टी, आणि ब्रुनोने १००व्या मिनिटाला ३-२ केलं. शिटी वाजल्यावर पेनल्टी कशी, असं सगळे विचारायचे. प्रसंग शिटीआधी घडलेला असेल तर व्हीएआरच्या तपासणीनंतर रेफरी निर्णय बदलू शकतो, आणि पेनल्टी पूर्ण होण्यासाठी वेळ वाढवून दिला जातो. अशा वाढवलेल्या वेळेत गोलकीपरने चेंडू परतवला आणि मारणाऱ्याने पुन्हा मारला तर तो गोल धरत नाहीत. खेळ तिथेच संपतो.

जेवण साडेनऊला. चाळीस माणसांना कडक भाकरी हाच शहाणपणाचा बेत, करून ठेवली की बिघडत नाही. सोबत शेंगाची चटणी, दही, कांदा. बसायला जुन्या चादरी. तोंडात घास असतानाही बोटं फक्कीकडेच.

जेवणानंतर किक. बांबूचा आडवा खांब ७.३२ मीटरला मधे हमखास वाकतो, म्हणून मधोमध मागून टेकू द्यावा लागतो. शाळेतला ३ बाय २ मीटरचा हँडबॉल या खेळाचा गोल वापरायला कुणी तयार होत नसे, कारण २.४४ वरची पट्टी डोळ्यांसमोर हवी. ती हवी २१ सप्टेंबर २००३ साठी. आर्सेनलच्या किओनने युनायटेडच्या फोर्लानला पाडलं म्हणून ऐनवेळी मिळालेली पेनल्टी व्हॅन निस्टलरॉयने त्या पट्टीवर मारली, सामना ०-०, आणि आर्सेनलची ती घोडदौड तशीच चालू राहिली ती २००४ च्या त्या दिवसापर्यंत. पट्टीवरून परत आलेला चेंडू मारणाऱ्याला दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत शिवता येत नाही. शिवला तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल धरत नाहीत अशी किक.

अलीकडचा भर वेस्ट हॅमवर असायचा. २७ ऑक्टोबर २०२४. युनायटेडचा डी लिख्त आणि वेस्ट हॅमचा डॅनी इंग्ज यांचे पाय एकमेकांत आले. रेफरीने खेळ चालू ठेवला, पण व्हीएआरने त्याला स्क्रीनकडे पाठवलं आणि पेनल्टी दिली गेली. बोवेनचा गोल, १-२, आणि दुसऱ्या दिवशी युनायटेडचे प्रशिक्षक टेन हाग यांची गच्छंती. व्हीएआरने तिथे मध्ये पडायला नको होतं, असं मत रेफरींचे प्रमुख हॉवर्ड वेब यांनीच नंतर दिलं. इथे मतदानाला तीन पर्याय असायचे: द्यायलाच हवी, देऊ नये, आणि रेफरीने जो निर्णय दिला तोच राहू द्यावा. तिसरा पर्याय महत्त्वाचा. व्हीएआरने ढवळाढवळ करायची ती चूक स्पष्ट आणि उघड असेल तरच. ‘मला वेगळं वाटतं’ एवढं कारण पुरत नाही. हात वर करून मत द्यायचं, आकडे वहीत.

त्या वहीत प्रत्येक प्रसंगाला एक पान. १९९४ च्या पानावर एकच ओळ आहे, पुढे कुणी मत मागितलंच नाही. पॅरिसच्या पानावर आकडे खाली-वर होत राहतात. २००४ चं पान दोन्ही बाजूंनी भरलं, तेव्हा त्याला खळ लावून एक जोडपान चिकटवलं. ते आता निम्म्यावर आलंय.