दाढ काढायची होती, इतकंच

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही), त्यात फिट्स. खालच्या दोन दाढा पार किडल्या होत्या. फिटचं औषध सिरपमधलं, रात्रीचा डोस झोपताना द्यायचा. ते गोड सिरप रात्रभर दातांवर राहतं आणि हिला चूळ भरता येत नाही. हे आम्हाला आधी कुणीच बोललं नव्हतं. तुमच्याकडे सिरप चालू असेल तर औषधानंतर ओल्या कापडाने दात पुसून घ्या.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (अपंगांचं ओळखपत्र), निरामय हा अपंगांसाठीचा आरोग्य विमा हे सगळं होऊन गेलं, त्यावर लिहिण्यासारखं फार काही नाही. अडकलो ते दाढेपाशी.

तोंड उघडं ठेवून स्थिर बसणं तिला जमत नाही, हातपाय झटकले जातात. म्हणून दातांच्या डॉक्टरांनी पूर्ण भूल देऊन काढायचं ठरवलं. योग्यच. मग इथे सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात (नाव घेत नाही, अजून तिथे जावं लागतं) भुलेच्या तपासणीला गेलो. खिडकीवर सांगितलं, आधी मुलांच्या डॉक्टरांचं फिटनेसचं, म्हणजे भूल द्यायला तब्येत ठीक असल्याचं, पत्र आणा. आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "छाती, हृदय ठीक आहे, तसं लिहून देतो. पण फिटचं मी कसं लिहू? ते तिचे पुण्याचे फिटचे डॉक्टर लिहितील." पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुणे. तिथे म्हणाले, या औषधाने प्लेटलेट कमी होऊ शकतात, दाढ काढायची म्हणजे रक्त येणार, आधी तपासून या. हेही बरोबर. रिपोर्ट काढला, चांगला आला, पत्र मिळालं.

पत्र घेऊन सोलापुरात त्याच खिडकीवर. "ताई, मुलांच्या डॉक्टरांचं पत्र जुनं झालं. नवीन आणा."

नवीन आणलं, तर ऑपरेशन थिएटरची तारीख गेलेली. पुढची तारीख येईपर्यंत प्लेटलेटचा रिपोर्ट जुना. तो पुन्हा केला, तर पुण्याच्या पत्रावर जुन्या रिपोर्टचा आकडा, म्हणून पत्र बदलून आणा. मी विचारलं, "तुम्हीच त्यांना फोन करता का?" उत्तर आलं, "आमच्याकडे तशी पद्धत नाही." डॉक्टर एकमेकांशी बोलणार नाहीत आणि आईने मात्र कागद घेऊन अडीचशे किलोमीटर जायचं, ही पद्धत आहे म्हणे! आमच्या गिरणगावात मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा तरी दोन्ही टोकांना विसावतो.

राग येण्याचं खरं कारण वेगळं आहे. या सगळ्या काळात पोर एका बाजूने चावत होती, रात्री ठणक्याने उठत होती. तिची झोप मोडली की फिट येते, हे आम्हाला पाठ आहे. आणि आलीच. फिटच्या भीतीने रुग्णालयवाले पत्रं मागत बसले आणि त्या वाट बघण्यानेच फिट आणली. हे मी खिडकीवर बोललेसुद्धा. मागच्या रांगेतले लोक मान हलवत होते, एवढंच.

सुटका केली ती भुलेच्या एका वरिष्ठ मॅडमनी. त्या दिवशी त्या स्वतः तपासायला बसल्या होत्या. फाईल चाळली, माझ्याकडून पुण्याचा नंबर घेतला आणि माझ्यासमोर फोन लावला. चहा गार होण्याआधी विषय संपला. मी तिथेच रडले, पण ते जाऊ द्या.

त्या फोनमधून एक फार महत्त्वाची गोष्ट कळली. वॉर्डात "सकाळपासून काही द्यायचं नाही" म्हणतात, म्हणून आईबाप फिटचं औषधही चुकवतात. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की खाणं सहा तास बंद, पण सकाळचा डोस घोटभर पाण्याबरोबर ठरल्या वेळी द्यायचा. तुमच्या मुलासाठी काय ते नावानिशी विचारा आणि केसपेपरवर लिहून घ्या, कारण सिस्टर पाळी बदलली की बदलतात.

दोन्ही दाढा निघाल्या. त्याच भुलेत बाकीच्या दातांची सफाई आणि दोन ठिकाणी सिमेंट भरून झालं, रक्तही त्याच वेळी घेतलं. हे आपण विचारलं तरच होतं. पुन्हा पुन्हा भूल देण्यापेक्षा बरं.

आता माझ्याकडे एक पान असतं. वजन, शेवटची फिट कधी, फिट आली तर नाकातला स्प्रे किती, आणि औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये. एमएलवर जाऊ नका, कंपनी बदलली की सिरपची ताकद बदलते. सर्व डॉक्टरांचे नंबर खाली. आमच्या बालरोगतज्ज्ञांना मी सरळ विचारलं, "सर, हिचे मुख्य डॉक्टर तुम्ही व्हाल का? सगळ्यांची पत्रं तुमच्याकडे आणून देईन." ते हो म्हणाले. इतकी वर्षं विचारलंच नव्हतं कुणी, असंही म्हणाले.

मूल लहान असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी जरूर करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, अंगणवाडी-शाळेत तपासणीला येतात तोच. 18 वर्षांपर्यंतची मुलं त्यात बसतात, आणि या केंद्राच्या रचनेत बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, वाचा उपचार, दंतवैद्य एकाच छताखाली धरलेले आहेत. आम्हाला हे उशिरा कळलं.

निरामयचं कवच 1 लाखाचं आहे, पण पैसे आधी आपण भरायचे आणि मूळ बिलं पाठवायची. बिलं देण्याआधी झेरॉक्स काढा, आणि भुलेचं बिल वेगळं मागून घ्या.